मारा हवं तेवढं, पण गाणं तोडू नका

प्रति,
गेम किती अवघड असावा आणि त्यात काय वाजावं हे ठरवणारे सर्व जण,
जपान, इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि हल्ली आमचं पुणेसुद्धा.

विषय : खेळाडू मेल्यावर गाणं पहिल्यापासून सुरू करण्याची पद्धत बंद करण्याबाबत.

स.न.वि.वि.

माझा भाचा आंघोळीला जाताना शीळ घालतो. गेले तीन आठवडे एकच चाल चालली आहे. चाल झकास आहे. आधी रेंगाळत येते, मग जिना चढल्यासारखी वर जाते, आणि शेवटची पायरी यायच्या आत, रोज अगदी त्याच जागी, तुटते. पुढे नळाचा आवाज. मला वाटलं, पुढचं विसरत असेल. परवा न राहवून म्हटलं, "अरे, पुढचं पण वाजव की." तर म्हणतो, "मावशी, पुढचं मी ऐकलंच नाहीये. तिथे मी मरतो."

त्या एका उत्तरापायी हे पत्र लिहायला बसले. गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांना तो आपलाच वाटेल, आणि तसा वाटावा हेच बरं.

माझी ओळख थोडक्यात. वय ४४, गाव सातारा, नोकरी सहकारी बँकेत, काम कर्जाच्या फायली तपासण्याचं. रात्री जेवणं आवरली की साडेदहा ते बारा हेडफोन लावून गेम खेळते. शाखेत हे कोणाला माहीत नाही, या पत्राखाली नाव नाही ते त्यासाठीच. मी चांगली खेळाडू नाही. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे "हिला जमत नाही म्हणून ही ओरडते" असं म्हणायची तसदी कोणाला नको. जमत नाहीच. तीस वर्षं जमत नाहीये आणि तीस वर्षं खेळते आहे, एवढ्यावरून तरी माझं म्हणणं ऐकून घ्या.

आमच्या घरी टीव्ही गेम आला तो १९९५च्या दिवाळीत, बाबांच्या बोनसमधून. कॅसेटवर "९९९९९ इन १" असं छापलेलं. आत खरे गेम पंचविसेक, बाकी सगळे तेच, फक्त वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो. घरातला नियम साधा होता : आउट झाला की रिमोट दुसऱ्याकडे. दादा आउट व्हायचा नाही. झालाच तर "ही लाइफ धरायची नाही, मला शिंक आली" असं काहीतरी काढायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला खेळणं कमी आणि टीव्हीसमोर मांडी घालून ऐकणं जास्त आलं. मारिओच्या पहिल्या स्टेजचं गाणं मला वाट बघून बघून पाठ झालं.

ते गाणं कोजी कोन्दो यांचं, १९८५ सालचं. ज्या यंत्राची नक्कल आमच्या घरी होती ते मूळ यंत्र म्हणजे निन्तेन्दोचा १९८३चा फॅमिकॉम. त्याच्या चिपमधून एका वेळी पाचच आवाज निघत : दोन चौकोनी लाटांचे, एक त्रिकोणी लाटेचा, एक नुसत्या खरखरीचा आणि पाचवा आधी भरून ठेवलेला एखादा तुकडा वाजवणारा. एकावर चाल, दुसऱ्यावर साथ, त्रिकोणी लाटेवर खर्ज, खरखरीवर ताल. गवई, पेटी, तानपुरा, तबला. एवढ्या साथीवर आमच्याकडे रात्रभर मैफल चालते, त्यामुळे कमी आवाजांत मोठं काम होतं याचं मला नवल नाही. नवल याचं की उडीचा नि गोळीचा आवाजसुद्धा त्याच पाचांतून उसना घ्यावा लागे. मारिओनं उडी मारली की तेवढ्या क्षणापुरता साथीतला एक जण उठून जायचा आणि लगेच येऊन बसायचा. खेळता खेळता आपण गाण्याला भोकं पाडत असू आणि तरी ते फाटत नसे.

आमच्या नकलेत आणखी एक गंमत होती. असल्या स्वस्त चिपांपैकी बऱ्याच चिपांत चौकोनी लाटेच्या रुंदीचे दोन पर्याय आपसांत उलटे झालेले असत. सूर तेच, पण भरीव हवा तिथे नाकातला आवाज आणि नाकातला हवा तिथे भरीव. मला हे कळायला पंचवीस वर्षं गेली. मूळ यंत्रावरचं मारिओचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं होतं, "यांचं बिघडलंय."

टीव्ही गेम घरी आला त्याच वर्षी मी शनिवार पेठेत गाण्याच्या क्लासला जायला लागले. बाईंनी यमन घेतला होता. मी चुकायचे ती जागाही ठरलेली, पंचम सोडून तीव्र मध्यमावरून धैवतावर जाताना. बाई मान हलवायच्या, "पुन्हा" म्हणायच्या. पण त्यांची बोटं तानपुऱ्यावरून हलायची नाहीत. माझा सूर घसरलेला, बाकीच्या मुली खाली बघून हसतायत, कान तापलेले, आणि तारा आपल्या चालूच. त्या झंकारात जिथे पडले तिथूनच परत उचलायचं. वीस वेळा चुकले तर वीस वेळा. तानपुरा एकदाही थांबला नाही, म्हणून मीही थांबले नाही, असं आज वाटतं. मग घरी यायचं, नशिबानं रिमोट मिळायचा, मारिओ खड्ड्यात पडायचा, ती छोटीशी फजितीची धून वाजायची, आणि गाणं पुन्हा पहिल्या सुरापासून. तेव्हा यात काही खटकलं नाही. गेम म्हणजे असंच असतं, असं वाटायचं.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती तक्रार घेऊन आली. अवघडता आणि संगीत यांचं लग्न तुमच्या धंद्यात अगदी सुरुवातीलाच लागलं आणि छान लागलं. १९७८चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. तोमोहिरो निशिकादो यांनी त्यात गाणं असं केलंच नाही. चार सूर, उतरते, पुन्हा पुन्हा. वरून येणारे परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात सरकतात. याचं मूळ कारण असं की काढायची चित्रं कमी झाली की त्या काळच्या बिचाऱ्या प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि त्याबरोबर ते चार सूरही पळायला लागतात. छातीचे ठोके वाढावेत तसे. मारिओतही घड्याळात १०० उरले की गाण्याची लय चढते. तबलजी लय चढवतो आणि गवयाला मागे राहायची सोय उरत नाही, तसं. घाबरायला होतं, हात चुकतो, मरतो. पण चिडायला होत नाही. गाण्यानं आधी सांगितलेलं असतं की आता पळ.

चिडायला होतं ते कुठे, तर सिल्व्हर सर्फरमध्ये. फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडावर १९९० साली आलेला हा गेम मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्सनं केला. संगीत टिम फॉलिन आणि त्याचा भाऊ जेफ यांचं. टिम तेव्हा विशीतला पोरगा. पाच आवाजांच्या त्या डबीतून या भावांनी जे काढलं ते ऐकून आजही माझा विश्वास बसत नाही. तीन सूर एकत्र लावायला चिपमध्ये जागा नाही ना? मग एकाच आवाजाला तीन सुरांवरून इतक्या झपाट्यानं पळवायचं की कानाला ते एकदम लागल्यासारखे वाटावेत. नुसतं झगझगतं सगळं. आणि गेम? नायक असा की फळीवर उभा राहून आकाशगंगा ओलांडतो, आणि इथे भिंतीला कोपर घासलं तरी खलास. शत्रूला टेकला, खलास. गोळी लागली, खलास. मागची भिंत कुठली आणि आपटायची भिंत कुठली हे ओळखू येईपर्यंत खलास. मी तो बऱ्याच नंतर संगणकावर खेळून पाहिला. तासाभरात त्या गाण्याची पहिली वीस सेकंदं मी निदान साठ वेळा ऐकली असतील. पंगतीत बासुंदी वाढायची आणि वाटी ओठाला लागायच्या आत पान उचलायचं, असा प्रकार. हल्ली लोक ते संगीत ऐकतात ते गेमला हात न लावता. त्या भावांना याचं काय वाटत असेल?

बॅटलटोड्सचंही तेच, फक्त तिथे एक पळवाट आहे. १९९१चा, रेअरचा, संगीत डेव्हिड वाइझ यांचं. तिसऱ्या स्टेजला, म्हणजे टर्बो टनेलला, उडत्या गाडीवर बसून भिंती चुकवायच्या असतात आणि त्या भिंती शेवटी शेवटी डोळ्याला दिसायच्या आधीच येतात. पण पॉज दाबलं की या गेममध्ये शांतता होत नाही, एक ठेका सुरू होतो. नुसता ठेका, पण असा की मान डोलायला लागते. अख्ख्या गेममध्ये निवांत ऐकता येतं ते एवढंच, कारण पॉजमध्ये कोणी मारत नाही. (जाता जाता : दोघांनी मिळून खेळलं तर अकराव्या स्टेजला दुसऱ्याचा रिमोट चालतच नाही, अशी एक चूक त्यात राहून गेली होती. किती जणांच्या लक्षात आली असेल देव जाणे. तिथवर पोचलं कोण?)

माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, व्हाइस सिटी या गेममधलं रिमोटचं हेलिकॉप्टर आठवतं का. बांधकाम चाललेल्या इमारतीत चार बॉम्ब नेऊन ठेवायचे, तेही वेळेच्या आत, आणि सायबर कॅफेतल्या त्या दाबून दाबून अक्षरं उडालेल्या कीबोर्डवर. तासाला वीस रुपये. आमच्या कॅफेत त्या मिशनपुढे गेलेली दोनच पोरं होती आणि त्यातल्या एकावर कोणाचा विश्वास नव्हता. बाकीचे काय करत? एखादी उघडी गाडी उचलायची, रेडिओ लावायचा आणि समुद्राकाठानं नुसतं फिरत बसायचं. अवघडतेनं दार बंद केल्यावर माणसं गाण्याच्या ओसरीवर येऊन बसतात, हे मी तिथे पाहिलं. त्यांना गेम सोडायचा नसतो. तुम्ही फक्त ओसरी तरी ठेवा.

आणि ज्यांनी नीट केलं त्यांची नावं घ्यायला नकोत का? सुपर मीट बॉय, २०१०. दोन माणसांनी बनवलेला, संगीत डॅनी बॅरानोव्स्की यांचं. फिरत्या करवतींत मांसाचा गोळा क्षणाक्षणाला चिरडला जातो, आणि गाणं ढिम्म हलत नाही. मेलात? उठा. पुन्हा मेलात? उठा. पापणी लवायच्या आत तुम्ही परत उभे आणि गाणं आपलं पुढच्या ओळीवर. हॉटलाइन मायामीतही तसंच. मी सुपर मीट बॉयमध्ये जेवढी मेले तेवढी कुठेच मेले नसेन, आणि जेवढी कमी चिडले तेवढीही कुठेच नाही. तेव्हा पहिल्यांदा शनिवार पेठेतल्या बाई आठवल्या.

सेलेस्टमध्ये तर मी जवळजवळ राहायलाच गेले होते. २०१८चा गेम, डोंगर चढणाऱ्या एका घाबरट मुलीचा. लेना रेन यांचं संगीत. पडलं तरी वाजत राहतं. पण माझं मन बसलं ते एका बारक्या गोष्टीवर. त्यात बहुतेक प्रकरणांत कुठेतरी एक कॅसेट लपवलेली आहे. आमची गेमची कॅसेट नव्हे, गाण्याची, पण आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे ती दिसल्यावर मला आधी फुंकर मारावीशी वाटली. त्या खोलीत शिरलं की दोन रंगांच्या फळ्या गाण्याच्या ठेक्यावर आळीपाळीनं भरीव होतात नि विरतात. डोळ्यांनी बघून उडी मारायला गेलात तर पडलात. मोजायला लागतं : एक, दोन, तीन, आणि उडी. मी शेवटी मांडीवर हात मारून मोजत होते, क्लासमध्ये मारायचो तशी. ती कॅसेट हाती लागली की त्याच प्रकरणाची जास्त अवघड बाजू उघडते आणि तिचं गाणंही नवं, दुसऱ्याच संगीतकारानं त्याच चालीवर फिरवलेलं. अवघड खेळायला तयार असाल तर नवीन गाणं मिळेल! अशा सौद्याला मी कधीही तयार आहे.

आता तुमच्यातले काही जण डार्क सोल्सचं नाव पुढे करतील. कराच. २०११चा तो गेम मी अर्धवट सोडला आणि तरी त्याची बाजू घेईन. मोतोइ साकुराबा यांचं संगीत तिथे बहुतेक वेळ नसतंच. किल्ल्यातून, चिखलातून, आपल्याच पावलांचा आवाज ऐकत जायचं, आणि धुक्याच्या दारातून आत गेलं की एकदम सगळा वाद्यवृंद अंगावर. शेवटच्या राजाशी लढताना मात्र उदास पियानो तेवढा. इथे मेल्यावर गाणं तुटतं हे खरं. पण तो गेम करणाऱ्यांच्या पुढच्या काही गेममध्ये एक युक्ती आहे : बॉसचं, म्हणजे वाट अडवून बसलेल्या बड्या शत्रूचं, निम्मं रक्त गेलं की गाणंच बदलतं. विलंबित संपून द्रुत सुरू व्हावं तसं. ते द्रुत ऐकायला मिळणं हे बक्षीसच, आणि ते फुकट वाटू नये हे मला मान्य आहे. माझा वाद तिथे नाही. माझा वाद बॉसपर्यंतच्या पायपिटीशी आहे. मेलो, तर दोन मिनिटं तेच जिने, त्याच उड्या, तेच दोन फालतू शिपाई, आणि मग तीच पहिली चाळीस सेकंदं. तबला उतरला म्हणून दर वेळी श्रोत्यांना पोवई नाक्यापर्यंत चालत पाठवून परत बोलावतात का?

सिल्कसाँगवरून २०२५च्या सप्टेंबरात हेच भांडण झालं. अ‍ॅडलेडच्या छोट्याशा टीम चेरीचा गेम, ख्रिस्तोफर लार्किन यांचं संगीत. ते संगीत किती सुंदर आहे यावर मी वेगळं पत्र लिहीन. पण सुरुवातीला जवळ पाच मुखवटे, म्हणजे पाच श्वास म्हणा, आणि किती तरी शत्रूंच्या एका फटक्यात दोन जातात. तिसऱ्या चुकीला काम तमाम. लोक बोलले, त्यांनी लवकरच सुरुवातीचे एक-दोन बॉस थोडे सौम्य केले, आणि मग दुसऱ्या बाजूचे लोक बोलायला लागले की जमत नसेल त्यानं खेळू नये.

हे "जमत नसेल तर खेळू नये" मी दादाच्या तोंडून १९९५ पासून ऐकते आहे. त्याला उत्तर म्हणून एक जुनी हकीकत सांगते. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ग्रेडियस या गेमची घरगुती आवृत्ती करत होते. तपासायला खेळावा लागे आणि त्यांना स्वतःलाच तो जमेना. म्हणून त्यांनी गुपचूप एक कोड घातला : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तोच कोड पुढे कॉन्ट्रा या गेममध्ये ३० लाइफ देतो. आमच्या गल्लीत तो पाढ्यासारखा पाठ होता. गेम बनवणाऱ्याला जमला नाही म्हणून जगाला मिळालेली ती चावी आहे, आणि तिच्या जोरावर कॉन्ट्राचं शेवटच्या स्टेजपर्यंतचं सगळं संगीत आम्ही ऐकलं. कोणाचं काय बिघडलं? दादासुद्धा तोच कोड मारायचा. वर रुबाब तेवढा.

आजही असं करणारे आहेत. हेडीस या २०२० सालच्या गेममध्ये एक सोय आहे. ती चालू केली की तुम्हाला होणारी इजा आधी २० टक्के कमी होते आणि पुढे प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे मरण वाया जात नाही, खात्यात जमा होतं. बँकेतल्या बाईला याहून काय आवडणार?

एक लहान तक्रार, पण माझ्या दृष्टीनं मोठी. जीव कमी उरला की वाजणारी ती शिटी. १९८६च्या झेल्डापासून आहे. ज्या क्षणी माणसाला धीर हवा त्या क्षणी कानाशी टिट् टिट् टिट्. १९९६च्या पोकेमॉनमध्येही तेच. लढाईचं इतकं बहारदार गाणं आणि त्यावर ती कुकरची शिटी. पण पोकेमॉनवाल्यांनीच २०१०च्या ब्लॅक आणि व्हाइट या गेममध्ये काय केलं बघा : त्या शिटीभोवतीच नवं गाणं बांधलं. जीव गेला-गेला असं होतं तेव्हा ते वाजायला लागतं, शिटी त्यात ताल धरते. चौदा वर्षं लागली, पण कोणाला तरी सुचलं.

मोबाइलवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. एका गेमचं सांगते, नाव घेत नाही. मेल्यावर गाणं अर्ध्या सुरात कापतात आणि तीस सेकंद जाहिरात. कसली? पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपची. मी दिवसभर असलीच कर्जं फेडायला नवं कर्ज मागायला आलेल्यांच्या फायली बघते.

आता पुणेकरांशी, आणि आपल्याकडे गेम बनवायला लागलेल्या सगळ्यांशी, घरातलं बोलते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी हा गेम २०२०मध्ये आला तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात घेतला होता. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानं आपल्या वाद्यांना धरून केलेलं ते काम ऐकताना आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली. परक्या माणसाला आपली वाद्यं सुचतात, तर आपल्याला आपली लय का सुचू नये? माझी एक सूचना आहे, फुकट घ्या. खेळाडू मेला की त्याला लगेच उठवू नका, पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उठवा. गाणं चालू राहू दे, ठेका चालू राहू दे. द्रुत तीनतालाचं एक आवर्तन चारेक सेकंदांत होतं. तेवढा वेळ पुरतो, खांदे सैल करायला आणि एखादी शिवी हासडायला. आणि मग धा! वर माणूस उभा. पाचव्या-सहाव्या मरणापर्यंत खेळाडूला समेची वाट बघायची सवय लागेल, दहाव्यापर्यंत तो मान हलवून समेवर येईल. ज्याला तीनतालातलं ओ की ठो कळत नाही त्यालासुद्धा तो कळायला लागेल. एखादा बॉस तिहाई घेऊन वार करणारा ठेवा. तीनदा तेच, आणि तिसऱ्याच्या शेवटी, बरोबर समेवर, तलवार. असा बॉस अवघड असला तर मी शंभर वेळा मरेन आणि तक्रार करणार नाही.

आणि हो, गेम पुरा केल्याशिवाय न उघडणारी ती संगीताची खोली. तिचं कुलूप काढा. गाणं ऐकायला मिळावं म्हणून मी पैसे दिलेत.

संगीतकारांना वेगळं काय सांगू? तुम्ही गाण्याचा पहिला अर्धा मिनिट जपून लिहा, कारण आम्ही सर्वांत जास्त तोच ऐकणार आहोत. आणि एकदा तुमच्या बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या त्या माणसाला, जो भिंती कुठे ठेवायच्या हे ठरवतो, चहाला घेऊन जा. त्याला विचारा, लोक सरासरी कितव्या सेकंदाला मरतात. मग आपली सर्वांत चांगली जागा त्याच्या आधी आहे की नंतर, ते बघा.

कळावे,
तीन लाइफवर वाढलेली,
सातारकर मावशी

ता. क. : हे पत्र लिहून झाल्यावर दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज सकाळी शीळ पुढे गेली. जिन्याची शेवटची पायरी आली, तिच्यावरून चाल वळली आणि आणखी दोन ओळी उतरत खाली आली, मग नळ. ते सूर बरोबर होते का, मला सांगता येणार नाही. मीही अजून तिथवर पोचलेले नाही.